मनगटावरचे घड्याळ आणि ताटातला भात

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात एचएमटी तांदूळ माहीत नाही असे घर सापडायचे नाही. पण हे नाव मनगटी घड्याळावरून पडले, हे अनेकांना ठाऊक नसते. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या बांधीतल्या 'पटेल-३' धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या. त्यांचे बी त्यांनी जपून वाढवले आणि त्यातून हे बारीक तांदळाचे वाण उभे केले. त्या काळी एचएमटी घड्याळांचा मोठा बोलबाला होता. व्यापाऱ्याने धानालाही तेच नाव देऊन टाकले.

आज आपल्या मुलामुलींच्या मनगटावर वेगळेच घड्याळ आले आहे. साकोली आणि आसपासच्या गावांत पोलीस भरती, अग्निवीर, वनरक्षक भरती यांची तयारी करणारी मुले पहाटे अंधारात धावायला निघतात. कुणी कबड्डी खेळते, कुणी शालेय स्पर्धेत धावते. त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात दीड-दोन हजारांचा स्मार्ट बँड असतो. तो नाडी मोजतो, पावले मोजतो, झोप मोजतो आणि शेवटी 'आज इतक्या कॅलरी जळल्या' असे सांगतो. मग घरात वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, "आई, भात कमी वाढ." मुलगी रात्रीचे जेवणच सोडते. आईला प्रश्न पडतो की इतके धावणाऱ्या लेकराने कमी खायचे की जास्त?

राष्ट्रीय शिबिरातल्या खेळाडूमागे प्रशिक्षक, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असतात. घड्याळाचे आकडे ते वाचतात आणि त्यानुसार ताट ठरवतात. आपल्या वस्तीत मुलामागे असते ती आई आणि फार तर एखादा भरतीचा सर. म्हणून हे आकडे कसे वाचायचे, हे घरातल्या माणसांनीच समजून घेतले पाहिजे.

उत्तर आधीच सांगतो. घड्याळाचे काही आकडे कामाचे आहेत, काही फसवे आहेत. 'जळलेल्या कॅलरी' पाहून जेवण कधीही कमी करू नये. सकाळची नाडी, झोप आणि सरावाचा वेळ यांची नोंद ठेवावी. आहार ठरवताना ती उपयोगी पडते. आणि अंगात रक्त किती आहे, सिकलसेल आहे की नाही, हे कोणत्याही बँडला दिसत नाही. त्यासाठी दवाखान्यात रक्त तपासावे लागते.

बँड नेमके काय मोजतो?

बँड उलटा करून पाहा. मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. हा प्रकाश कातडीत शिरतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त वाढते, परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो वाढतो. ही चढउतार मोजून बँड नाडी सांगतो.

दुसरे यंत्र हालचाल ओळखते. हात हलला की त्यावरून पावलांचा अंदाज येतो. म्हणूनच सायकल चालवताना पावले कमी मोजली जातात आणि बसल्या जागी हात हलवला तरी कधी कधी पावले वाढतात. जीपीएस नसलेला बँड अंतरही मोजत नाही. तो पावले आणि तुमची उंची यांवरून अंतर काढतो. त्यापेक्षा चारशे मीटरच्या मैदानाच्या आतल्या पट्टीवरचे चार फेरे हे १६०० मीटरचे जास्त खात्रीचे माप आहे.

पट्टा सैल असेल, हात घामाने निथळत असेल, कडाक्याची थंडी असेल किंवा मनगटावर गोंदण असेल तर नाडीचा आकडा चुकू शकतो. जोरात धावतानाही तो घसरतो. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्ट पण न काचणारा बांधावा. खात्री करायची असेल तर शांत बसून दोन बोटे मनगटावर ठेवा, तीस सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. हा आकडा आणि बँडचा आकडा दोन-चार ठोक्यांच्या फरकाने जुळला तर बँड ठीक आहे.

रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा मात्र बँडवर पाहून निर्धास्त होऊ नका. अमेरिकेत २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दवाखान्यात बोटाला लावतात त्या यंत्राने ऑक्सिजन ठीक दाखवला, पण रक्त तपासल्यावर तो धोकादायक कमी निघाला, असे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांपेक्षा सुमारे तिप्पट वेळा घडले होते. दवाखान्यातल्या यंत्राची ही गत असेल, तर सावळ्या कातडीवरच्या स्वस्त बँडवर किती भिस्त ठेवायची ते आपणच ठरवावे.

'जळलेल्या कॅलरी' : सर्वात कच्चा आकडा

कॅलरी, म्हणजे उष्मांक, बँड मोजतच नाही. नाडी, हालचाल, वय, वजन, उंची ही माहिती एका सूत्रात घालून तो अंदाज काढतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात नामांकित घड्याळे साठ जणांच्या हातावर तपासली. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहा घड्याळे पाच टक्क्यांच्या आत बरोबर निघाली. कॅलरीच्या बाबतीत मात्र एकही घड्याळ धड निघाले नाही. सर्वात चांगले घड्याळ सरासरी २७ टक्के चुकले, सर्वात वाईट ९३ टक्के. ती सगळी महागडी घड्याळे होती.

याचा अर्थ ताटाच्या भाषेत समजून घेऊ. बँडने ६०० कॅलरी दाखवल्या आणि तो २७ टक्के चुकला, तर खरा आकडा साधारण ४४० ते ७६० यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. दोन टोकांतला फरक ३२० कॅलरींचा झाला. म्हणजे जवळपास ९० ग्रॅम तांदळाचा भात. एका माणसाच्या एका वेळच्या भाताइतकी ही चूक रोज होत असेल, तर महिनाभरात मूल वाळेल.

साधा पडताळा हवा असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, साधारण एक कॅलरी लागते. ५८ किलोचा मुलगा ६ किलोमीटर धावला तर साधारण ३५० कॅलरी. बँड त्याच धावेच्या ७०० सांगत असेल तर तो फुगवून सांगतो आहे, असे खुशाल समजावे.

उलट चूकही होते, आणि आपल्या घरांत ती जास्त घातक ठरते. रोवणीच्या दिवसांत मुलगी सकाळी मैदानावर धावते आणि मग दिवसभर चिखलात वाकून रोवणी करते. बँड तिने घरी काढून ठेवलेला असतो. रात्री तो सांगतो, आज तीनशे कॅलरी. ही अर्धवट नोंद आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार ५५ किलो वजनाच्या बैठ्या कामाच्या स्त्रीला दिवसाला १६६० उष्मांक लागतात, मध्यम श्रमाच्या स्त्रीला २१३० आणि जड श्रमाच्या स्त्रीला २७२०. पुरुषाचे ६५ किलो वजनासाठी हेच आकडे २११०, २७१० आणि ३४७० आहेत. रोवणी, पाणी भरणे, मोळी आणणे, वीटभट्टी, बांधकाम हे सगळे श्रम त्यात धरायचे. व्यायाम म्हणजे फक्त बूट घालून केलेला, असे शरीर मानत नाही.

कामाचे तीन आकडे

पहिला आकडा सकाळच्या नाडीचा. झोपेतून उठल्यावर, अंथरुणातच, चहा-पाण्याच्या आधी. मोठ्या माणसाची विसाव्यातली नाडी मिनिटाला ६० ते १०० ठोके असते. नियमित सराव करणाऱ्याची साठच्या खालीही जाते. दुसऱ्याच्या नाडीशी तुलना करू नका. स्वतःची आठ-दहा दिवसांची सरासरी काढा. ती ५८ असेल आणि सलग तीन-चार दिवस ६५-६७ येऊ लागली, तर शरीर काही सांगते आहे. झोप कमी झाली, ताप येऊ घातला, पाणी कमी पडले, सराव फार झाला किंवा जेवण कमी पडले, यांपैकी काहीतरी असते. आदल्या रात्रीच्या दारूनेही ती वाढते. सकाळी उठताच खर्रा तोंडात टाकणाऱ्याची नाडी तर तंबाखूतल्या निकोटिनने लगेच चढते. बँडवर हे स्वतः पाहता येते.

दुसरा आकडा झोपेचा. किती तास झोपलो, हे बँड बऱ्यापैकी सांगतो. 'गाढ झोप इतकी, स्वप्नांची झोप इतकी' हे तुकडे मात्र फार विश्वासाचे नाहीत. तास पाहा, तुकडे सोडून द्या. सराव करणाऱ्या मुलाला आठ तास झोप हवी. पाच-सहा तासांवर कितीही अंडी खाल्ली तरी धावण्याचा वेळ सुधारत नाही.

तिसरा आकडा सरावाचा. किती मिनिटे, किती अंतर आणि त्या वेळी नाडी किती. तीच धाव, तोच वेळ, पण गेल्या महिन्यात नाडी १६५ होती आणि आता १५५ आहे, तर दम वाढला. उलट झाले तर कारण शोधावे.

या तिघांच्या जोडीला आठवड्यातून दोनदा वजन करा. सकाळी, शौचानंतर, त्याच काट्यावर. वजनकाटा प्रत्येक घरात नसतो. विहारात किंवा भरतीच्या सरांकडे सगळ्यांच्या वर्गणीतून एक काटा ठेवला तर साऱ्या वस्तीचे काम भागेल.

आहार ठरवताना हे आकडे कसे जोडायचे?

आहारतज्ज्ञ एकटा आकडा कधी पाहत नाही. दोन-तीन आकडे आणि ताट असे एकत्र पाहतो. नेहमी दिसणारे तीन प्रकार असे:

एक, सकाळची नाडी चढलेली, वजन उतरत चाललेले, झोप कमी, चिडचिड वाढलेली आणि धावण्याचा वेळ बिघडलेला. याला सराव वाढवून उपयोग नाही. खाणे कमी पडते आहे. अशा वेळी धावून आल्यावर अर्ध्या-एक तासात पोटात काही गेले पाहिजे, दोन्ही वेळचा भात-वरण पुरेसा हवा आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विसावा हवा.

दोन, वजन तेवढेच, जेवण ठीक, पण थोड्या धावण्यात नाडी फार चढते, दम लागतो, जिना चढताना पाय गळतात, डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट दिसतात. इथे ताट बदलण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे. पुरुषात १३ च्या खाली आणि स्त्रीत १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. बँड अशा मुलीला 'तुमची क्षमता कमी आहे' एवढेच सांगेल. कारण सांगणार नाही.

तीन, उन्हाळ्यात किंवा दमट हवेत तीच धाव घेताना नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी जास्त आणि धावून आल्यावर वजन एक किलोने कमी. हे पाण्याचे काम आहे. एक किलो वजन उतरले म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. ते भरून काढायला पुढच्या दोन-तीन तासांत थोडे थोडे करून सव्वा ते दीड लिटर पाणी प्यावे. चिमूटभर मीठ घातलेले लिंबूपाणी, ताक किंवा भाताची पेज चालते. खूप घाम गेला असेल तर ओआरएस. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

आपल्या ताटातून किती मिळते?

साधारण माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने दिवसाला पुरतात. सराव करणाऱ्याला १.२ ते २ ग्रॅम लागतात, असे खेळाडूंच्या आहाराबाबतचे आंतरराष्ट्रीय मत आहे. ५८ किलोच्या मुलाला म्हणजे किमान ७० ग्रॅम. आकडा मोठा वाटतो, पण आपल्याच स्वयंपाकघरात तो बसतो:

दिवसभराचा ३५० ग्रॅम तांदूळ — सुमारे २८ ग्रॅम
८० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण — सुमारे १८ ग्रॅम
दोन अंडी — सुमारे १२ ग्रॅम
मूठभर, ४० ग्रॅम शेंगदाणे — सुमारे १० ग्रॅम
५० ग्रॅम फुटाणे — सुमारे १० ग्रॅम

बेरीज ७८ ग्रॅमच्या घरात गेली. तेल, भाजी, गूळ धरून उष्मांक अडीच हजारांच्या आसपास जातात. दोन वेळा सराव आणि वर शेतीचे काम असेल तर हेही कमी पडेल. भूक आणि वजनकाटा ते सांगतील. तळ्यातली मासळी मिळाली त्या दिवशी अंडी नसली तरी चालते, कारण शंभर ग्रॅम मासळीत १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. ५० ग्रॅम सोयाबीन वडीत सुमारे २५ ग्रॅम. वरण पातळ करून भात वाढवला तर पोट भरते, पण हिशेब कोसळतो. म्हणून भरतीच्या मुलाच्या घरी वरणाची डाळ मोजून टाकावी.

भाताला वाईट म्हणण्याची आता फॅशन आली आहे. धावणाऱ्याला भात शत्रू नाही. १६०० मीटर धावताना स्नायू जी साखर वापरतात, ती भातातूनच येते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांची १६०० मीटर आणि महिलांची ८०० मीटर धाव २० गुणांची, १०० मीटर धाव १५ आणि गोळाफेक १५ गुणांची आहे. या तिन्हींना ताकद लागते. रिकाम्या पोटाने आणि बिनभाताच्या ताटाने ती येत नाही. पहाटे निघण्याआधी एक केळे, दोन खजूर किंवा मूठभर मुरमुरे-गूळ खाऊन निघावे. परत आल्यावर पोहे-शेंगदाणे आणि अंडे, किंवा रात्रीचा भात फोडणी देऊन सोबत फुटाणे.

लोहासाठी अंबाडी, चवळी, मेथीसारखा पाला, तीळ, मासळी, मटण, काळीज. पालेभाजीवर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा खा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेतला तर ते वाया जाते, तासभर थांबा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींनी फेकू नये.

प्रोटीन पावडरचे डबे घेण्याची घाई करू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळण्याचाच सल्ला आहे. भरतीच्या आदल्या दिवशी कुणी 'दम वाढवणारे' इंजेक्शन किंवा गोळी देऊ केली तर ती घेऊ नका. हृदय बंद पडू शकते.

मुलींच्या नोंदीत एक रकाना जास्त

बँडबरोबरच्या अ‍ॅपमध्ये पाळीची नोंद ठेवता येते. नाही तर कॅलेंडरवर खूण करावी. धावणारी मुलगी पुरेसे जेवत नसेल तर शरीर आधी पाळी थांबवते. काही प्रशिक्षक आणि आयाही म्हणतात, सराव जास्त आहे, चालायचेच. चालायचे नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ पासून या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन इशारा दिला आहे की यात हाडे ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक तडे जातात आणि खेळही खालावतो. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जावे आणि ताटात आधी भर घालावी. मुलगी घरात सर्वांत शेवटी, उरलेले जेवत असेल तर कोणतेही घड्याळ तिचा वेळ सुधारणार नाही. जेवण तिला धावून आल्याबरोबर मिळाले पाहिजे.

सिकलसेल : जे बँडला कधीच दिसत नाही

पूर्व विदर्भात आदिवासी समाजाप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. म्हणून मैदानावर जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने आपला पॅटर्न माहीत करून घ्यावा. दोन्ही पालकांकडून हा दोष आला तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे वाहक. एएस माणूस एरवी निरोगी असतो. तो शेती करतो, खेळतो, नोकरी करतो. त्यामुळे आपण वाहक आहोत हे अनेकांना ठाऊकच नसते.

अडचण येते ती टोकाच्या श्रमात. कडक ऊन, अंगात पाणी कमी, ताप, आणि त्यात विसावा न घेता जीव तोडून एकामागून एक धावा, असे जुळून आले तर एएस माणसाच्या लाल पेशीही कोयत्यासारख्या वाकू शकतात, स्नायूंचे रक्त अडते आणि स्नायू मोडू लागतात. अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही, पण श्रमाने स्नायू मोडण्याचे प्रमाण ५४ टक्क्यांनी जास्त आढळले. या अभ्यासातून दोन गोष्टी घ्यायच्या. वाहक असणे हे खेळ किंवा भरती सोडण्याचे कारण नाही. आणि वाहकाने पाणी, विसावा आणि सराव हळूहळू वाढवणे यांत कसूर करू नये. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या वरच्या श्रेणीत २०१० पासून ही तपासणी नियमातच आणली गेली आहे.

२०२४ च्या पोलीस भरतीत मैदानी चाचणीवेळी उमेदवार कोसळून दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या. प्रत्येक वेळी कारण वेगळे असू शकते. पण आपल्या घरातला मुलगा मैदानावर पाठवताना त्याचा पॅटर्न माहीत असणे एवढे तरी आपल्या हातात आहे.

वाहकाने ही खूण ओळखावी. साधा गोळा आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो. सिकलिंगमध्ये पाय, मांड्या, कंबर दुखतात, पायातले बळ जाते, पण हात लावला तर स्नायू मऊच लागतो. आणि हे धाव सुरू झाल्यावर थोड्याच वेळात होते. लगेच थांबावे, सावलीत बसावे, पाणी घ्यावे आणि बरे न वाटल्यास दवाखाना गाठावा. नंतर लघवी काळपट चहासारखी झाली तर एक तासही वाट पाहू नये. 'नाटक करतोस' म्हणून सरांनी मुलाला पुन्हा पळवू नये.

आणखी एक बारीक गोष्ट. पाणी पुरेसे आहे का, हे लघवीच्या रंगावरून ओळखा, असे खेळाडूंना सांगतात. सिकलसेलमध्ये, कित्येक वाहकांतही, मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची ताकद कमी झालेली असते. म्हणून अंगात पाणी कमी असूनही लघवी फिकट दिसू शकते. अशांनी रंगावर न जाता धावेच्या आधीचे आणि नंतरचे वजन पाहावे. एसएस रुग्णाने कोणताही सराव डॉक्टरांना विचारूनच करावा, आणि लोहाच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. ज्यांना वारंवार रक्त चढवले आहे त्यांच्या अंगात लोह आधीच साठलेले असते.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा, आशाताईंना विचारा. पहिल्या चाचणीत दोष दिसला तर एएस की एसएस हे ठरवणारी पुढची चाचणी करून कार्ड घ्या आणि त्याची प्रत भरतीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवा.

बँड नसेल तर?

काहीही अडत नाही. नाडीला बोटे, वेळेला मोबाईल, अंतराला मैदानाचे फेरे आणि झोपेला भिंतीवरचे घड्याळ पुरते. दोन हजार रुपये हाती असतील आणि बँड की अंडी असा प्रश्न असेल, तर ते अंड्यांवर खर्च करा. बँड असेलच तर त्याची माहिती कुणाला द्यायची हे मुलाने, विशेषतः मुलीने, स्वतः ठरवावे. पाळीची आणि वजनाची नोंद ग्रुपवर टाकायला कोणताही सर भाग पाडू शकत नाही.

या आठवड्यापासून एक शंभर पानी वही करा. रोज सकाळी सहा गोष्टी लिहा: नाडी, झोपेचे तास, आदल्या दिवशीचा सराव आणि घरचे-शेतातले काम, दिवसभर काय आणि किती खाल्ले, पाणी, आणि अंगात कसे वाटते. आठवड्यातून दोनदा वजन. मुलींनी पाळीची तारीख. पहिल्या पानावर हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचा पॅटर्न लिहा. तो रकाना रिकामा असेल तर आधी दवाखान्यात जा. पंधरा दिवसांनी ही वही घेऊन जिल्हा रुग्णालयातील आहारतज्ज्ञ किंवा जवळच्या डॉक्टरांना भेटा. नुसते "काय खाऊ?" विचारले तर नुसते "चांगले खा" असे उत्तर मिळते. पंधरा दिवसांची नोंद समोर ठेवली तर ताटात नेमके काय वाढवायचे, हे सांगता येते.